अठरा ग्रॅम

माझं दुकान इतवारीत, धान्यबाजाराच्या मागल्या बोळीत.
तराजू दुरुस्त करतो. दांड्या, पारडी, साखळ्या,
आताशा बॅटरीवाले काटेसुद्धा,
ज्यांना कान लावला तरी काही ऐकू येत नाही.

तर सांगायचं म्हणजे, मी कॉफी मोजून पितो.
पूड अठरा ग्रॅम,
ब्याण्णव साली दुरुस्तीला टाकून
एक सोनार न्यायला आलाच नाही, त्या काट्यावर.
शंभरात वीस चिकोरी. त्याच्या वर नाही.
मुलगी म्हणते, चिकोरी म्हणजे भेसळ, बाबा.
बंगलोरहून ती पूड पाठवते,
पिशवीवर डोंगराचं नाव, डोंगराची उंची.
आंबट लागते.
फोनवर म्हणतो, छान होती.
ते वाक्य मी मोजत नाही.

आमच्या गावाला कॉफी म्हणजे लग्नातली.
मांडवाच्या कोपऱ्यात मशीन फुसफुसते,
भर मे महिन्यात लोक वाफेभोवती गोळा,
वरून चॉकलेटची भुकटी,
नवरदेवाच्या मामाचा तिसरा कप.
नाहीतर मग चतुर्थीची, जायफळाची.
दुकानात मी फिल्टर काढला
की समोरून धकाते ओरडतो,
"काऊन बे, उपास आहे का तब्येत खराब?"
आणि स्वतःचा कटिंग बशीत ओततो, फुंकर मारून.

सवय लावली पार्सल ऑफिसातल्या रावसाहेबांनी.
वर्षातून एकदा त्यांचा मोठा काटा तपासायला जायचो,
हातभर उंचीवरून ते ओतायचे,
या भांड्यातून त्या भांड्यात,
एक थेंब टेबलावर नाही.
"हेडाऊजी, घाई केली तर पाणचट,
उशीर केला तर थंड.
मधलं काय ते सांगता नाही येत."
बदली झाली तेव्हा फिल्टर मला दिला.
पूड दाबायची चकती त्यांच्याच सामानात गेली
विजयवाड्याला.
तेव्हापासून मी डबीच्या झाकणावर
पन्नास ग्रॅमचं पितळी वजन ठेवून दाबतो,
चौऱ्याऐंशीचा सरकारी शिक्का असलेलं.
एवढा अधिकृत दाब
नागपुरात दुसऱ्या कुणाच्या कॉफीवर नसेल.

पहाटे पाच. कूलर घरघरतोय,
वाळ्याचा ओला वास खोलीभर.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रीही निवत नाही,
अर्धा गॅस ऊनच वाचवतं.
बावीस मिनिटं थेंब पडतात.
मी बसून असतो. पेपर यायचा असतो.

दूध मात्र सुगंधाचं.
ती मोजत नाही. पातेलं तिरकं करते,
तोंडाने कालच्या भाजीवाल्याशी भांडत असते अजून,
आणि थांबते.
चाळीस वर्षं मी त्या थांबण्याकडे
संशयाने बघत आलो.

मागल्या महिन्यात चोरून मोजलं.
तिची पाठ वळली की कप काट्यावर.
पहिल्या दिवशी दूध ब्याण्णव ग्रॅम.
दुसऱ्या दिवशी ब्याण्णव.
तिसऱ्या दिवशी त्र्याण्णव,
पण त्या दिवशी कूलरचा वारा काट्यावर येत होता.
मला कुठे बसावं कळेना.
दरवर्षी निरीक्षक येतो, माझी वजनं तपासून शिक्का मारतो,
आणि हे मनगट
बिनशिक्क्याचं, बांगड्यांसकट.

चौथ्या दिवशी तिनं पाहिलं.
"बह्याड झाले का तुम्ही?
माझं दूध तोलता?"
त्या दिवशी एकसष्ट ग्रॅम.
पाचव्या दिवशीही एकसष्ट.
कॉफी काळी, कडक, जिभेला धरणारी.

मुकाट्यानं प्यालो.
सोनाराचा काटा आता दुकानात नेऊन ठेवलाय.
पूड अंदाजानं घेतो,
रोज चुकते.
काल पातेलं तिरकं करता करता
ती माझ्याकडे बघून जरा जास्त वेळ थांबली नाही.
ओतत राहिली.
किती, ते विचारू नका.